तंजावरचें निरूपण आणि मुंबईची नर्तिका

दादर स्टेशनच्या पूर्वेस उतरून हिंदु कॉलनीच्या कडेनें किंग्ज सर्कलकडे चालूं लागलें, म्हणजे मैल-सव्वा मैलाच्या वाटेंत माणसाचे कान दोन प्रांत ओलांडून जातात. प्रारंभीं मराठी, मधूनच गुजराथी, आणि माटुंग्याची फुलांची दुकानें दिसूं लागलीं कीं तामीळ. नाकालाहि तोच अनुभव येतो. फोडणीचा वास मागें पडतो आणि कॉफीचा पुढें येतो. ह्या वाटेवरून सायंकाळीं जाणारास एखाद्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून लांकडावर लांकूड आपटल्याचा आवाज ऐकूं येण्याचा संभव फार. आवाज सुताराचा म्हणावा तर त्याला ताल आहे. कान देऊन उभें राहिलें तर त्यामागोमाग ‘तै या तै’ असे बोल आणि मागाहून पांच-पंचवीस अनवाणी पावलें जमिनीवर एकदम पडल्याचा धप्प असा नाद येतो. जिन्यावर चपलांची रास असते, आणि तिच्याजवळ भाजीच्या पिशव्या घेऊन बसलेल्या आया असतात. त्यांचें बोलणें बहुतकरून मराठींत चाललेलें असतें.

ह्या आयांच्या मुली आंत जें शिकत असतात तें भरतनाट्यम्. जिच्या घरीं तामीळ भाषेचा गंध नाहीं, जिच्या आजीनें कर्नाटक संगीताचा एक स्वर ऐकलेला नाहीं, अशी मुलगी सात-आठ वर्षें खपून तामीळ व तेलगु पदांवर अभिनय करावयास शिकते, हें आतां इतकें अंगवळणी पडलें आहे कीं त्याचें नवल कोणास वाटत नाहीं. परंतु तें वाटावयास हवें. परक्या भाषेंतील शब्दांवर डोळ्यांनीं रुसणें, हंसणें, वाट पाहणें हें काम सोपें नव्हे. शब्दाचा अर्थ वहींत लिहून घेतां येतो, पण शब्दाची ऊब वहींत उतरत नाहीं. ह्या अडचणीला एका मराठी गुरूनें आणि त्याच्या एका मराठी शिष्येनें जें उत्तर शोधलें, तें शोधतां शोधतां त्यांना दीडशें वर्षांपूर्वींच्या एका मराठी राजाच्या दरबारांत जावें लागलें. ती हकीकत महाराष्ट्रांत व्हावी तितकी प्रसृत झालेली नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम माटुंग्याविषयीं दोन शब्द. सन १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईंत सुधारणा-मंडळ म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झालें (१८९८), आणि त्यानें दादर, माटुंगा, वडाळा, शींव ह्या भागांत मोकळे रस्ते आंखून नव्या वसाहती बसविल्या. दक्षिणेकडून कारकुनीसाठीं व हिशेबनिसीसाठीं आलेलीं सुशिक्षित कुटुंबें ह्या नव्या वस्तींत स्थिरावलीं. त्यांनीं १९२३ सालीं आस्तिक समाजाचें देवालय उभारलें, १९३२ सालीं शिक्षणसंस्था काढली, आणि १९४५ सालीं ह्याच माटुंग्यांत श्रीराजराजेश्वरी भरतनाट्य कलामंदिर सुरू झालें. तें चालविणारे तंजावर जिल्ह्यांतील पिढीजाद नट्टुवनार घराण्याचे लोक होते. गोविंदराज पिळ्ळै, महालिंगम् पिळ्ळै हीं नांवें पुढें अर्ध्या मुंबईच्या तोंडीं झालीं. गांवांतील देवळाच्या आश्रयावर जगणारी विद्या शहरांत मासिक फीवर जगूं लागली, आणि तिच्या पहिल्या पिढींतील विद्यार्थिनींत दमयंती जोशी ह्या मराठी मुलीचें नांव घ्यावें लागतें. पुढें ह्या बाईंनीं कथ्थक नृत्यांत मोठें नांव केलें. १९७० सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि २००४ सालीं मुंबईंतच त्यांचें देहावसान झालें. एवढें सांगून त्यांची कथा बाजूस ठेवितों. ती निराळ्या लेखाचा विषय आहे.

ह्या नृत्याचें शिक्षण कसें चालतें हें ठाऊक असल्यावांचून पुढील गोष्टीचें मर्म कळावयाचें नाहीं. मुलगी पहिल्या दिवशीं नाचत नाहीं, बसते. म्हणजे पूर्ण बसतहि नाहीं. गुडघे दोहों बाजूंस वळवून अर्धी खालीं जाते आणि तेथेंच थांबते. ह्यास अरैमंडि म्हणतात. पाठ ताठ, कंबर स्थिर, टांचा जवळ. ह्या अवस्थेंत एक मिनिट उभें राहून पाहावें म्हणजे मांड्या काय म्हणतात तें कळतें. ह्याच स्थितींत उजवें-डावें पाऊल सपाट आपटणें हा पहिला धडा, तट्टडवु. तो विलंबित, मध्य व द्रुत अशा तीन लयींत घोटावयाचा. पावलानंतर हात, हातानंतर मान, मानेनंतर दृष्टि अशा क्रमानें एकेक अडवु चढत जातो. ‘अभिनयदर्पणां’तील एका हाताच्या अठ्ठावीस मुद्रा श्लोकासह पाठ करावयाच्या. दोन वर्षें गेलीं तरी मुलीनें एकहि पूर्ण ‘नाच’ केलेला नसतो, आणि घरीं पाहुणे आले असतां ‘कांहीं करून दाखीव’ असें म्हटल्यास ती बिचारी अडवुच करून दाखविते. पाहुण्यांची निराशा होते. ज्या आया ह्या दोन वर्षांत टिकतात त्यांच्याच मुली टिकतात, असें माझें निरीक्षण आहे. मुलींच्या चिकाटीपेक्षां आयांच्या चिकाटीवर ही कला मुंबईंत अधिक उभी आहे.

त्यानंतर क्रमानें अलारिप्पु, जतिस्वर, शब्द, वर्ण, पद, तिल्लाणा हीं प्रकरणें येतात. ह्या क्रमास मार्ग म्हणतात. त्यांत वर्ण हें शिखर: अर्धापाऊण तास एकाच रचनेवर, कधीं कडक तालाच्या जति आणि कधीं एकाच ओळीवर दहा प्रकारांनीं अभिनय. सगळा मार्ग एका संध्याकाळीं एकटीनें, गुरूच्या झांजांवर, लोकांसमोर करून दाखविणें म्हणजे अरंगेट्रम्, रंगप्रवेश. पुष्कळ मुलींच्या बाबतींत रंगप्रवेश हाच रंगनिरोप ठरतो. गायक, मृदंगी, व्हायोलिनवाला, नट्टुवनार ह्यांची बिदागी आणि कांजीवरमी वस्त्रें ह्यांचा खर्च लग्नखर्चाच्या शेजारीं मांडला जातो, आणि मागाहून लग्न झालें कीं घुंगरू माळ्यावर जातात. ज्या थोड्या मुली ह्या माळ्यावरून घुंगरू पुन्हां खालीं काढतात, त्यांचाच इतिहास लिहिला जातो, हें खरें असलें तरी बाकीच्यांनीं घाम गाळला नव्हता असें नव्हे.

मुलीनें नाचावें ही गोष्टच मध्यमवर्गास रुचूं लागली ती १९३० नंतर. त्यापूर्वीं ह्या नृत्यास सदिर किंवा दासीआट्टम् म्हणत, आणि तें देवदासींच्या कुळांत होतें. मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं व मद्रास इलाख्यांत १९४७ सालीं देवदासीप्रथेविरुद्ध कायदे झाले. ह्याच काळांत मद्रासेस ई. कृष्ण अय्यर ह्यांनीं कलेची बाजू उचलून धरली, आणि १९३५ च्या डिसेंबरांत अड्यार येथें रुक्मिणीदेवींनीं स्वतः रंगमंचावर पाऊल ठेविलें; दुसऱ्या वर्षीं कलाक्षेत्र निघालें. प्रथा वाईट होती, ती गेली हें उत्तम झालें. परंतु प्रथेबरोबर ज्या बायांनीं ही विद्या शेंकडों वर्षें जिवंत ठेविली होती त्यांचा हक्कहि गेला, आणि त्यांच्या घरच्या मुलींना नाचण्याची लाज वाटूं लागली नेमकी तेव्हां, जेव्हां ब्राह्मणांच्या मुलींना त्याचा अभिमान वाटूं लागला. आमच्याकडे गोमंतकांतील कलावंत घराण्यांच्या गाण्याच्या बाबतींत काय घडलें हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्यांतील कडवटपणा वेगळा समजावून सांगावयास नको. बालसरस्वतीसारखी एखादीच थोर नर्तिका ह्या उलथापालथींतून आपल्या कुळाची विद्या ताठ मानेनें घेऊन पुढें आली.

आतां मूळ विषयाकडे वळूं. पार्वतीकुमार हे मूळचे मालवणचे, जन्म १९२१. मुंबईंत त्यांनीं चंद्रशेखर पिळ्ळै ह्यांच्यापाशीं भरतनाट्यम् शिकून घेतलें. तो काळ मुंबईंत नृत्यनाट्यांचा होता. उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रांतून बाहेर पडलेले कलावंत ह्या शहरांत जमले होते, लोकनाट्य संघाचें पथक अंधेरीस तालमी करीत होतें, आणि पंडित नेहरूंच्या ग्रंथावरून बसविलेलें ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हें नृत्यनाट्य त्याच सुमारास रंगभूमीवर आलें. त्याच्या नृत्यरचनेंतहि पार्वतीकुमारांचा हात होता. पुढें ‘देख तेरी बंबई’ ह्या नांवाचें एक नृत्यनाट्य त्यांनीं बसविलें. शहराच्या धकाधकीवर असें हंसतखेळत नृत्य रचणारा हा मनुष्य. त्यास लोकप्रियतेचा मार्ग मोकळा होता. १९५५ सालीं परळच्या राजकमलमधून ‘झनक झनक पायल बाजे’ बाहेर पडल्यापासून तर चित्रपटास नृत्याची भूकच लागली होती. तो मार्ग सोडून त्यांनीं जुनीं बाडें वाचण्याचा उद्योग आरंभिला, ह्याचें कारण एक पुस्तक.

तें पुस्तक तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयानें, हा देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांच्या आंत, छापून प्रसिद्ध केलें. नांव ‘कोर्व्यांच्या साहित्याचे जिन्नस’, कर्ते सरफोजी महाराज. नांवच पाहावें. ‘कोर्वै’ म्हणजे तामिळांत ओंवलेली माळ. ‘साहित्य’ म्हणजे संगीताच्या परिभाषेंत गीताचे शब्द. आणि ‘जिन्नस’ हा आपल्या वाण्याच्या यादींतला फारशी-अरबी वळणाचा शब्द. तामीळ माळ, संस्कृत शब्द आणि मराठी बाजार ह्यांची एका ओळींत गांठ घालणारें हें शीर्षक तंजावरच्या मराठी राज्याचें संपूर्ण वर्णन आहे असें मला वाटतें.

त्या राज्याचा इतिहास आमच्या शाळांत एका वाक्यांत आटोपतात: शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी ह्यांनीं १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलें. पुढें एकशें ऐंशी वर्षें तें राज्य चाललें ह्याची दखल नाहीं. व्यंकोजींचा मुलगा शहाजी (१६८४–१७१२) ह्यानें तेलगु, मराठी, संस्कृत अशा भाषांत नाटकें व प्रबंध रचले. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें त्याच्या आधीं सुमारें दीडशें वर्षें तंजावरास मराठी नाटक लिहिलें जात होतें. त्याचा भाऊ तुळजाजी (१७२८–१७३६) ह्यानें ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यांत नृत्यप्रकरणीं अडवूंचें वर्णन देतांना संस्कृत नांवाबरोबर नर्तकांच्या तोंडचीं तामीळ नांवेंहि त्यानें नोंदलीं आहेत. पंडितापेक्षां तालीम पाहिलेल्या माणसाचें हें लक्षण आहे. माटुंग्याच्या त्या पहिल्या मजल्यावर मुली आज जें घोटतात त्याचा इतका स्पष्ट जुना लेखी पुरावा एका भोसल्याच्या ग्रंथांत मिळावा, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) ह्यांची स्थिति चमत्कारिक होती. १७९९ च्या तहानें राज्य कंपनीच्या हातीं गेलें आणि राजाच्या हातीं किल्ला, पेन्शन आणि वेळ उरला. श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन पाद्र्यानें त्यांस लहानपणीं सांभाळलें व शिकविलें होतें. वेळेचा उपयोग त्यांनीं पुस्तकें जमविण्यांत, वैद्यकांत, डोळ्यांच्या रोगांवर उपचार करविण्यांत आणि संगीतांत केला. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ सालीं त्यांनीं आपल्या वंशाचा इतिहास मराठींत कोरविला. राज्य गेलेल्या राजानें तो दगडावर लिहावा ह्यांतील भाव समजण्यासारखा आहे. मुलांना जगाचा भूगोल कळावा म्हणून त्यांनीं ‘देवेंद्र कुरवंजी’ रचलें, त्यांत भविष्य सांगणारी कुरवंजी बाई देशोदेशींचें वर्णन गाऊन दाखविते! कोणत्याहि शाळाखात्यास ही युक्ति सुचलेली नाहीं.

ह्याच दरबारांत चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार भाऊ होते. मुत्तुस्वामी दीक्षितांचे ते शिष्य. आजचा मार्ग, म्हणजे अलारिप्पूपासून तिल्लाण्यापर्यंतची क्रमवार मांडणी, ह्या चौघांनीं घातली. पुढें ते तंजावर सोडून त्रावणकोरच्या स्वातितिरुनाळ राजाकडे गेले; थोरला चिन्नय्या म्हैसुरास गेला. वडिवेलु व्हायोलिन वाजवी, आणि त्रावणकोरच्या राजानें त्यास हस्तिदंती व्हायोलिन दिलें. १८५५ सालीं तंजावरचा शेवटचा राजा शिवाजी निपुत्रिक वारला आणि कंपनीनें राज्य खालसा केलें, तेव्हां आश्रय तुटलेल्या नर्तिका आणि नट्टुवनार चोहोंकडे पांगले. त्यांतली एक वाट बडोद्यास गेली. १८८० सालीं सयाजीराव गायकवाडांचें तंजावरच्या लक्ष्मीबाईशीं लग्न झालें, आणि वधूबरोबर तेथील नर्तिका व वादक आंदणासारखे बडोद्यास आले. त्यांतील कांतिमतीचा मुलगा कुबेरनाथ तंजोरकर ह्यानें पुढें बडोद्यासच ही विद्या शिकविली. त्याच १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ झालें आणि त्यांत कर्नाटकी चाली मराठी प्रेक्षकांनीं डोक्यावर घेतल्या. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध नाहीं. पण मराठी कान आणि दक्षिणेचा स्वर हे परस्परांस अगदींच अनोळखी होते हें म्हणणें त्यामुळें फोल ठरतें.

तर पार्वतीकुमारांना त्या छापील पुस्तकांत काय मिळालें? निरूपणें मिळालीं. एकेक निरूपण म्हणजे नृत्याचा अख्खा कार्यक्रमच: जयजय, शरणु, अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजति, अभिनयपद, तिल्लाणा, जक्किणी, त्रिपुट, श्लोकवर्ण, मंगळ इत्यादि अठरा जिन्नस, सर्वांचा राग एक, ताल एक, आणि सर्वांतून एकच कथा पुढें सरकत जाते. ‘कुमारसंभव’ निरूपण त्यांत प्रसिद्ध आहे. आणि भाषा मराठी. चार बंधूंच्या मार्गांतील बरेचसे प्रकार येथें मराठी वेषांत उभे आहेत हें पाहून ज्यास हर्ष होणार नाहीं असा मराठी नर्तक विरळा. परंतु कागदावर राग आहे, ताल आहे, शब्द आहेत. पाऊल कागदावर नसतें. कोणत्या अक्षरावर टांच पडे, कोणत्या ओळीस नर्तिका वळे, हें सांगणारें मनुष्य उरलेलें नव्हतें. मराठी निरूपण नाचणारी शेवटची बाई केव्हां वारली ह्याची कोणत्याहि दप्तरांत नोंद नाहीं.

मग त्यांनीं हा सांधा नव्यानें जुळविला. पुस्तकांतील साहित्य घेऊन त्यावर आपल्या ज्ञानानें जति बसविल्या, अभिनय रचला, आणि तो शिष्यांच्या अंगावर चढविला. १९८२ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें त्यांचा ‘तंजावर नृत्यप्रबंध’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां ह्या उद्योगास कित्येक वर्षें लोटलीं होतीं. ह्या ठिकाणीं एक स्पष्ट बोललें पाहिजे. रंगमंचावर जें निरूपण दिसतें तें सरफोजींच्या वेळचें नृत्य आहे असें उत्साहाच्या भरांत सांगण्यांत येतें. तें खरें नव्हे. शब्द सरफोजींचे, राग-ताल त्यांचे, आणि पाऊल पार्वतीकुमारांचें. ह्यांत कमीपणा कांहींच नाहीं. उलट जुन्या शब्दास नवें अंग देण्याचें जें काम त्यांनीं केलें त्याचें श्रेय दोनशें वर्षांपूर्वींच्या राजाच्या पदरांत टाकणें हा त्या गुरूवरच अन्याय होय.

हें अंग ज्या मुलीच्या देहांत प्रथम मुरलें ती सुचेता भिडे. जन्म १९४८. १९६० नंतर ती पार्वतीकुमारांकडे शिकूं लागली, आणि शाळकरी वयांतच तिचा रंगप्रवेश झाला. इतर मुलींप्रमाणें अडवु, मुद्रा, मार्ग हें सर्व तिनें केलेंच. परंतु तिचें शिक्षण चालूं असतांनाच गुरूचें संशोधन चाललें होतें, म्हणून तिला एक दुर्मिळ गोष्ट मिळाली. सर्व शिष्यांना विद्या तयार मिळते. हिला ती तयार होतांना पाहावयास मिळाली. एखादी जति आज बसविलेली उद्यां मोडली, ओळीचा अर्थ पुन्हां लागला म्हणून हात बदलला, असें चालणाऱ्या घरांतील शिष्येची बुद्धि निराळीच घडते. तामीळ पद करतांना ती इतर मुलींसारखीच अर्थ पाठ करी असेल. मराठी निरूपणांत शब्द आधींच तिच्या तोंडांत होता.

पुढें ह्या बाई तंजावरास जाऊन के. पी. किट्टप्पा पिळ्ळै ह्यांच्याजवळ शिकल्या. किट्टप्पा (१९१३–१९९९) हे त्या चार बंधूंच्या वंशांतले. वैजयंतीमाला, हेमामालिनी ह्याहि त्यांच्या शिष्या. म्हणजे एकीकडे मुंबईच्या गुरूकडून राजाचे शब्द आणि दुसरीकडे तंजावरच्या गुरूकडून त्या राजाच्या नृत्यगुरूंच्या घराण्याचें अंग, असे दोन प्रवाह एका ठिकाणीं आले. दीडशें वर्षांपूर्वीं एकाच वाड्यांत नांदणाऱ्या ह्या दोन गोष्टी पुन्हां भेटण्यास एक मुंबईकर मुलगी निमित्त झाली. तंजावरच्या भोसल्यांनीं ह्या नृत्यास काय दिलें हाच विषय घेऊन सुचेताबाईंनीं संशोधन केलें, शहाजीराजांचीं पदें रंगमंचावर आणलीं, आणि लग्नानंतर, आतां सुचेता भिडे-चापेकर ह्या नांवानें, पुण्यास राहून पिढ्या शिकविल्या. २००७ सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांस मिळाला.

ह्या कथेंत मराठी अभिमानास फुगारा येण्याची सोय आहे, आणि तो आलाहि. भरतनाट्यम् मूळ मराठ्यांचें, इथपर्यंत बोलणारे वक्ते मीं ऐकले आहेत. हें अडाणीपणाचें बोलणें आहे. तंजावरच्या देवळांत चोळांच्या काळापासून नर्तिका होत्या. राजराजानें चारशें नर्तिका देवळास नेमल्याचा शिलालेख त्याच देवळावर आहे, त्यावर आठशें वर्षांनीं सरफोजींचा लेख कोरला गेला. चौघे बंधु तामीळ होते, नाचणाऱ्या बाया तामीळ व तेलगु होत्या. भोसल्यांनीं आश्रय दिला, ग्रंथ लिहिले, शब्द दिले. हें पुष्कळ आहे. अधिक मागणें म्हणजे पाहुण्यानें घराचा दाखला मागण्यासारखें आहे. उलट बाजूनें, दक्षिणेंतील कांहीं टीकाकार भोसल्यांचें राज्य एखादा अपघात मानून नृत्याच्या इतिहासांतून वगळूं पाहतात, तेंहि तितकेंच खोटें.

दुसरा प्रश्न काव्याचा. सरफोजींचें मराठी तंजावरी वळणाचें, दरबारी आणि ठिकठिकाणीं रुक्ष आहे. क्षेत्रय्याच्या तेलगु पदांत जी प्रणयाची धार आहे ती निरूपणांत शोधून सांपडत नाहीं; आणि अठरा जिन्नस एकाच रागांत ऐकतांना आजचा श्रोता मधेंच चुळबूळ करूं लागतो हेंहि कबूल केलें पाहिजे. दरबारांतील श्रोत्यास घाई नव्हती. मुंबईच्या श्रोत्यास शेवटची लोकल असते. असें असूनहि निरूपणाचें एक सामर्थ्य असें कीं प्रेक्षकाची मान नर्तिकेकडे राहते. तामीळ पद चालूं असतां आमचा प्रेक्षक छापील पत्रकांतील सारांशाकडे पाहत असतो; त्यानें डोळे वर करावेत तों नायिकेचा रुसवा होऊन गेलेला असतो.

ह्याच विचाराचें पुढलें पाऊल म्हणजे सुचेताबाईंची ‘नृत्यगंगा’. भरतनाट्यमचें अंग तेंच, पण संगीत हिंदुस्थानी. राग, बंदिश आणि मराठी-हिंदी रचना आपल्याकडच्या. ह्यावर मोठा वाद झाला. कर्नाटक संगीताचा ताल हा ह्या नृत्याचा कणा, तो काढला तर देह उभा राहील काय, हा आक्षेप पोकळ नाहीं. हिंदुस्थानी ख्यालाचा विलंबित डौल आणि अडवूंची कांटेकोर कोनबद्ध चाल ह्यांचा जोड सर्वत्र सारखा बसत नाहीं; कांहीं रचनांत पाऊल पुढें जातें आणि स्वर मागें रेंगाळतो, असें मलाहि वाटलें आहे. जेथें बंदिशीचा मुखडा चपळ आणि लय बांधीव असते तेथें मात्र हा जोड इतका बेमालूम बसतो कीं सांधा शोधावा लागतो. ज्या समाजानें नाट्यसंगीतावर कान घडविले त्याच्या मुलीनें आपल्या कानाशीं प्रामाणिक राहून हा प्रयोग केला. तो सर्वस्वीं यशस्वी झाला असता तर त्याची चर्चा करावयास इतकी मजा आली नसती.

पार्वतीकुमार २०१२ सालीं वारले. माटुंग्याच्या महालिंगम् पिळ्ळैंची पिढी त्यांच्याहि आधीं गेली होती. दादर-माटुंग्याच्या वर्गांतील झांजा आतां बहुधा बायांच्याच हातीं असतात, आणि त्यांत जोशी, सावंत, अय्यर, शहा सगळ्या असतात. रंगप्रवेशाच्या पत्रिकेंत तामीळ वर्णाच्या शेजारीं एखादें निरूपणांतलें अलारु किंवा त्रिपुट छापलेलें दिसतें. अशा एका तालमीस मागें मी बसलों होतों. गायक कुंभकोणच्या बाजूचा, वृद्ध, गळा उत्तम. मराठी साहित्य त्यानें तामीळ लिपींत उतरवून घेतलें होतें. ‘ळ’ त्याला आमच्यापेक्षां चांगला येई. परंतु ‘च’ मात्र तो सर्वत्र चहातला म्हणे. चौदा वर्षांची मुलगी अरैमंडींत बसलेली, हातांत शिखर मुद्रा, कपाळावर घाम. तिनें मुद्रा न सोडतां मान वळवून त्याला सांगितलें, ‘‘मामा, चंद्र नाहीं, चांदणें. चमच्यातला च.’’ म्हाताऱ्यानें हंसून ओळ पुन्हां धरली. तिसऱ्या खेपेस ती बरोबर आली, आणि बाईंनीं कांठी उचलली.